राज्यसभेच्या पहिल्या महिला उपसभापती : व्हायोलेट अल्वा

दिल्लीच्या संसद भवनात लोकसभेचा गालिचा हिरवा आणि राज्यसभेचा लाल. १३ मे १९५२ रोजी राज्यसभेची पहिली बैठक भरली, तेव्हा त्या लाल गालिच्यावर बसलेल्या २१६ सदस्यांत स्त्रिया अवघ्या १५ होत्या. दहा वर्षांनी, १९ एप्रिल १९६२ रोजी, त्या पंधरांपैकीच एक स्त्री सभागृहाची उपसभापती म्हणून निवडली गेली. भारतीय संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे पीठासीन पद एका स्त्रीकडे येण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्या विदुषीचे नाव व्हायोलेट अल्वा. वकील, अध्यापिका, पत्रकार, दंडाधिकारी आणि संसदपटू अशा पाच भूमिका त्यांनी एका आयुष्यात निभावल्या. श्रद्धेने ख्रिस्ती, शिक्षणाने मुंबईकर आणि कार्याने अखिल भारतीय असलेल्या या स्त्रीचे चरित्र आज दिल्लीतही फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

व्हायोलेट यांचा जन्म २४ एप्रिल १९०८ रोजी अहमदाबाद येथे झाला. अहमदाबाद त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. त्यांचे वडील रेव्हरंड लक्ष्मण हरी हे चर्च ऑफ इंग्लंडच्या पहिल्या काही भारतीय धर्मोपदेशकांपैकी एक. नऊ भावंडांत व्हायोलेट आठव्या. धर्मोपदेशकाच्या घरात श्रीमंती नव्हती, परंतु पुस्तके होती, शिस्त होती आणि मुलामुलींना सारखेच शिकवावे हा आग्रह होता. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत व्हायोलेट यांचे आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले. त्या काळी पोरक्या मुलीच्या वाट्याला काय येई, हे वेगळे सांगावयास नको. घाईने उरकलेला विवाह, नाहीतर नातलगांच्या घरची चाकरी. व्हायोलेट यांच्या थोरल्या भावंडांनी मात्र तसे होऊ दिले नाही. त्यांनी आपापसांत भार वाटून घेतला आणि या धाकट्या बहिणीला शिकविले. भायखळ्याच्या क्लेअर रोड कॉन्व्हेंटमधून ती मॅट्रिक झाली. पुढे देशभर गाजलेल्या कर्तृत्वाचा पाया भावंडांच्या या त्यागाने घातला गेला.

कॉन्व्हेंट ही कॅथलिक जोगिणींची शाळा. पुढचे शिक्षण झाले ते सेंट झेवियर महाविद्यालयात, म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६९ साली स्थापन केलेल्या संस्थेत. अँग्लिकन घरात जन्मलेल्या या मुलीचे मन अशा रीतीने कॅथलिक संस्थांच्या छायेत घडले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली श्रमिकांच्या हक्कांविषयी काढलेल्या परिपत्रकानंतर कॅथलिक विचारविश्वात सामाजिक न्यायाची चर्चा जोर धरू लागली होती. मजुराला कुटुंब पोसता येईल इतके वेतन मिळणे ही मालकाची कृपा नसून न्यायाची बाब आहे, असा तिचा आशय होता. मुंबईत हा विचार केवळ ग्रंथांत राहिला नव्हता. माझगावचे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा, म्हणजेच लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा, कामगारांची संघटना बांधत होते आणि १९२५ साली ते मुंबईचे महापौरही झाले. श्रद्धावान कॅथलिक असणे आणि परकी सत्तेविरुद्ध उभे राहणे यांत विरोध नाही, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखविले होते.

पदवीनंतर व्हायोलेट यांनी शासकीय विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला. स्त्रीने वकील व्हावे ही कल्पना त्या वेळी नवी होती. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याचे शिक्षण घेतले होते, तरी न्यायालयात वकिली करण्याच्या मान्यतेसाठी त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले. १९२३ साली कायदा झाला, तेव्हा कोठे भारतीय स्त्रियांना वकिलीचा व्यवसाय खुला झाला. मिठन टाटा यांनी मुंबई उच्च न्यायालयात वाट पाडली आणि त्या वाटेने पुढच्या पिढीतील ज्या थोड्या स्त्रिया चालू लागल्या, त्यांत व्हायोलेट होत्या. याच सुमारास त्यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठात इंग्रजीच्या प्राध्यापिका म्हणूनही काही काळ काम केले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, त्या सदनातील पहिल्या विद्यार्थिनी पुढे कर्वे यांच्या पत्नी झाल्या, कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले आणि त्या विद्यापीठात एक ख्रिस्ती विदुषी शिकवू लागली. स्त्रीशिक्षणाचे महाराष्ट्रातील हे वर्तुळ धर्माच्या भिंतींनी अडले नव्हते.

१९३७ साली व्हायोलेट यांचा विवाह जोआकिम अल्वा यांच्याशी झाला. जोआकिम दक्षिण कानड्यातील कॅथलिक घराण्यातले, व्यवसायाने वकील आणि वृत्तीने पत्रकार. ख्रिस्ती तरुणांनी स्वातंत्र्यलढ्यापासून अलिप्त राहू नये म्हणून ते सतत झटत आणि त्यापायी त्यांना तुरुंगवासही सोसावा लागला. पत्नी मूळची प्रॉटेस्टंट आणि पती कॅथलिक, दोघेही वकील, दोघेही राष्ट्रीय विचारांचे. त्या काळातील ख्रिस्ती समाजात असे विवाह सहज होत नसत. १९४३ साली जोआकिम यांनी ‘फोरम’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यात सरकारवर कठोर टीका असे.

त्याच वर्षी व्हायोलेटबाईंना अटक झाली. त्यांचे तान्हे मूल तेव्हा पाच महिन्यांचे होते. त्याला कडेवर घेऊनच त्या आर्थर रोडच्या तुरुंगात गेल्या. सत्याग्रहाच्या इतिहासात स्त्रियांच्या तुरुंगवासाची वर्णने पुष्कळ आहेत, परंतु मातृत्व आणि देशकार्य यांतून एकाची निवड करण्याचा प्रश्नच या प्रसंगी उद्भवला नाही. मूल आईसोबत असावयाचे आणि आई जेथे तिचे कर्तव्य तेथे. पुढे राजकारणातील स्त्रियांना घर की काम, असा प्रश्न वारंवार विचारला गेला. व्हायोलेटबाईंनी त्याचे उत्तर तुरुंगाच्या दारातच देऊन ठेवले होते.

तुरुंगातून सुटल्यावर १९४४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचे वर्ष ठरले. उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे खटला लढविणाऱ्या भारतातील पहिल्या महिला वकील अशी त्यांची या वर्षीची नोंद आहे. याच वर्षी त्यांनी स्त्रियांसाठी ‘बेगम’ नावाचे इंग्रजी मासिक काढले. पुढे त्याचे नाव बदलून ‘इंडियन विमेन’ असे ठेवण्यात आले. न्यायालयात एका पक्षकाराची बाजू मांडता येते, नियतकालिकात हजारो मूक पक्षकारांची, हे त्यांनी जाणले होते. पत्रकारितेतील हे काम नाममात्र नव्हते. १९५२ साली अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेच्या स्थायी समितीवर त्यांची निवड झाली आणि त्या समितीवरील त्या पहिल्या स्त्री सदस्य ठरल्या.

स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबईत त्यांची मानद दंडाधिकारी म्हणून नेमणूक झाली आणि १९४८ ते १९५४ या काळात त्यांनी बाल न्यायालयाचे अध्यक्षपद भूषविले. हे काम प्रसिद्धीचे नव्हते. फाळणीनंतरची ती मुंबई. निर्वासितांचे लोंढे, गिरण्यांच्या चाळी, गोदीचा परिसर आणि रेल्वेची फलाटे यांमधून उचलून आणलेली मुले या न्यायालयापुढे उभी राहत. कोणी पाव चोरलेला, कोणी घरातून पळालेला, कोणी खिसेकापूंच्या हाती सापडलेला. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाचे आणि पुढे १९४८ च्या नव्या अधिनियमाचे तत्त्व असे होते, की मूल गुन्हेगार म्हणून तुरुंगात जाऊ नये, त्याला सांभाळ आणि शिक्षण मिळावे. सोळाव्या वर्षी स्वतः पोरक्या झालेल्या स्त्रीच्या हाती या मुलांचे भवितव्य आले होते. घरच्यांनी हात दिला म्हणून एक पोरकी मुलगी वकील झाली आणि हात देणारे कोणी नव्हते म्हणून दुसरे मूल आरोपी झाले, एवढेच अंतर त्या मेजाच्या दोन बाजूंमध्ये होते. सामाजिक न्याय म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट धडा दुसरा नसेल.

१९५२ साली व्हायोलेटबाई मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून आल्या आणि जोआकिम उत्तर कानड्यातून लोकसभेवर. संसदेतील पहिले दांपत्य म्हणून दोघे ओळखले जाऊ लागले. तेव्हापासून दिल्ली ही त्यांची कर्मभूमी झाली. सभागृहात व्हायोलेटबाई केवळ स्त्रियांच्या प्रश्नांवर बोलत नसत. नौदल बळकट करण्याची निकड, परकीय भांडवलाबाबत बाळगावयाची सावधगिरी, प्रयोगशाळांत प्राण्यांना होणारा त्रास, भाषावार प्रांतरचना अशा नानाविध विषयांवर त्यांनी मते मांडली. भाषावार राज्यांना त्यांचा पाठिंबा होता, ही गोष्ट संयुक्त महाराष्ट्राचा लढा पाहिलेल्या मराठी माणसाला विशेष वाटावी. स्त्रीने स्त्रीविषयकच बोलावे ही अदृश्य मर्यादा त्यांनी मानली नाही. संरक्षणासारखा विषय पुरुषांचा, हा समज त्यांनी अभ्यासाने खोटा ठरविला.

कुटुंबनियोजनाचा त्यांनी केलेला पुरस्कार मात्र अधिक नाजूक होता. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ पासून संततिनियमनाचा प्रचार केला आणि त्यापायी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी गमावली, हा इतिहास फार जुना नव्हता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत सरकारने हा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा कॅथलिक चर्चचा कृत्रिम साधनांना विरोध होता. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी तो विरोध पुन्हा ठामपणे मांडला. कॅथलिक शाळेत शिकलेल्या आणि कॅथलिक कुटुंबात नांदणाऱ्या स्त्रीने राष्ट्रीय सभागृहात या विषयाचा कैवार घेणे सोपे नव्हते. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगलेली गरीब स्त्री त्यांनी मुंबईत जवळून पाहिली होती. श्रद्धा आणि विवेक यांच्या या ताणातून त्यांनी पळ काढला नाही. धर्माचा त्यांनी कधी अनादर केला नाही आणि धर्माच्या आड लपून स्त्रीचे दुःख नाकारलेही नाही.

त्या सदस्य असताना राज्यसभेने स्त्रियांच्या दृष्टीने ऐतिहासिक असे कायदे संमत केले. १९५४ चा विशेष विवाह कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा हे त्यांतील प्रमुख. १९६१ साली हुंडाबंदीच्या विधेयकावर दोन्ही सभागृहांत एकमत होईना, तेव्हा स्वतंत्र भारतातील संसदेची पहिली संयुक्त बैठक त्यासाठी बोलवावी लागली. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा आणि वारशाचा हक्क मिळत असताना ख्रिस्ती स्त्री मात्र १८६९ च्या कायद्याखाली होती. त्या कायद्यानुसार पतीला घटस्फोटासाठी पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. एकाच अपराधाला दोन मापे होती. १९६० साली विधी आयोगाने सुधारणा सुचविली आणि १९६२ साली विधेयकही मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. ही विषमता दूर होण्यास २००१ साल उजाडावे लागले.

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर व्हायोलेटबाई केंद्रात गृह खात्याच्या उपमंत्री झाल्या. प्रथम गोविंद वल्लभ पंत आणि नंतर लाल बहादूर शास्त्री हे त्यांचे वरिष्ठ मंत्री होते. दिल्ली तेव्हा केंद्रशासित प्रदेश होऊन नुकतीच थेट गृह खात्याच्या देखरेखीखाली आली होती. १९५८ साली दिल्ली महानगरपालिका स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या महापौर अरुणा असफ अली झाल्या. राजधानीच्या कारभारात त्या वेळी दोन ठिकाणी स्त्रिया बसल्या होत्या आणि दोघीही स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या होत्या, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढे म्हैसूर राज्यातून पुन्हा निवडून आलेल्या व्हायोलेटबाई १९६२ साली उपसभापती झाल्या आणि ७ एप्रिल १९६६ रोजी त्याच पदावर त्यांची फेरनिवड झाली. ही साडेसात वर्षे देशाच्या कसोटीची होती. चीनचे आक्रमण, पंडित नेहरूंचे निधन, पाकिस्तानशी युद्ध, शास्त्रीजींचा ताश्कंद येथील मृत्यू, अन्नधान्याची टंचाई आणि काँग्रेसमधील वाढती दुही, या साऱ्याचे पडसाद सभागृहात उमटत. पीठासीन व्यक्तीला मत मांडता येत नाही, पण सर्वांना मत मांडता येईल याची दक्षता घ्यावी लागते. बोलण्यात वाकबगार असलेल्या स्त्रीने इतरांना बोलू देण्याचे काम पत्करले आणि ते निष्पक्षपणे केले.

याच वर्षांत कॅथलिक जगही बदलत होते. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. १९६३ साली पोप तेविसावे जॉन यांनी जागतिक शांततेवरील आपल्या परिपत्रकात सार्वजनिक जीवनात स्त्रियांचा वाढता सहभाग आणि त्यांना आलेले हक्कांचे भान ही काळाची खूण म्हणून नोंदविली. १९६५ साली परिषदेने लिंग, वंश वा सामाजिक स्थिती यांवरून होणारा भेदभाव ईश्वरी योजनेला विसंगत असल्याचे जाहीर केले. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईस आले आणि भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप ठरले. चर्चच्या अंतर्गत पदांचा प्रश्न त्या घोषणांनी सुटला नाही. धर्मगुरूपद स्त्रियांना खुले झाले नाही आणि अनेक श्रद्धावंत स्त्रियांच्या मनात ती खंत राहिली. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांनी स्त्री-पुरुष समतेविषयीचे लेखी धोरण जाहीर केले ते २०१० साली. जे तत्त्व रोममध्ये कागदावर उतरत होते, ते दिल्लीत एक ख्रिस्ती स्त्री पीठासनावर बसून आचरणात आणत होती.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काळजीवाहू राष्ट्रपती झाले आणि राज्यघटनेतील तरतुदीनुसार सभापतिपदाचे कामकाज उपसभापतींकडे आले. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने तापलेल्या त्या पावसाळी दिवसांत राज्यसभेची धुरा व्हायोलेटबाईंवर होती. गिरी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले आणि उपराष्ट्रपतिपद रिकामे झाले. सात वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या व्हायोलेटबाईंना त्या पदाची आकांक्षा होती आणि ती अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्यांच्या नावाला पाठिंबा दिला नाही. ३१ ऑगस्ट रोजी गोपाल स्वरूप पाठक उपराष्ट्रपती झाले. देशाची सूत्रे एका स्त्रीच्या हाती असतानाही दुसऱ्या स्त्रीसाठी ते दार उघडले नाही.

नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. १६ नोव्हेंबर १९६९ रोजी व्हायोलेटबाईंनी उपसभापतिपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर चारच दिवसांनी, २० नोव्हेंबर रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ६१ वर्षांचे होते. ज्या सभागृहाचे कामकाज त्यांनी वर्षानुवर्षे चालविले, ते त्यांच्या आदरार्थ तहकूब झाले. पुढच्या महिन्यात त्यांच्या जागी चंद्रपूरचे बॅरिस्टर भाऊराव देवाजी खोब्रागडे यांची निवड झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतील एक मराठी बॅरिस्टर अल्पसंख्याक समाजातील एका स्त्रीनंतर त्या आसनावर बसला, ही घटना लोकशाहीचे सामर्थ्य दाखविणारी आहे.

पुढे १९८६ साली जळगावच्या प्रतिभाताई पाटील याच पदावर आल्या आणि २००७ साली त्या भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. व्हायोलेटबाईंच्या स्नुषा मार्गारेट अल्वा १९७४ साली राज्यसभेत पोहोचल्या, अनेक वर्षे केंद्रात मंत्री राहिल्या आणि २०२२ साली उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढविली. त्या पराभूत झाल्या. सासूबाईंना उमेदवारीही मिळाली नव्हती, सुनेला उमेदवारी मिळाली पण पद मिळाले नाही. भारताच्या उपराष्ट्रपतिपदावर अद्याप एकही स्त्री विराजमान झालेली नाही.

२००८ साली भारतीय टपाल खात्याने जोआकिम आणि व्हायोलेट अल्वा यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परंतु पोरक्या बहिणीला शिकविणारी भावंडे, बाल न्यायालयात उभी राहिलेली ती अनाम मुले आणि आईच्या कडेवरून तुरुंगात गेलेले ते पाच महिन्यांचे बाळ यांच्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. एका मुलीचे शिक्षण थांबले नाही, म्हणून देशाला एक उपसभापती लाभली. ज्यांचे थांबले त्यांची गणती कोणी ठेवली नाही.